परक्या घरचा गव्हाचा घास

आई तुळजाभवानीशी मी जन्मात कधी मान वर करून बोलले नव्हते. भांडले ते एकदाच, परदेशातल्या एका दवाखान्याच्या जिन्यात बसून, पदराचा बोळा तोंडाशी धरून. ‘तू आई हाईस ना? मग नुसती बघती काय?’ असं मी तिला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मनात आलं की तिथं कुणी नाहीच, इतकी वर्षं आपण भिंतीशी बोलत आलो.

माझं माहेर पिशोरचं, शेतकऱ्याचं घर. लग्न होऊन चिकलठाण्याला आले. हे तिथल्या एका कारखान्यात नोकरीला. आम्हाला एकच मुलगा, ओंकार. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. इथं नंबर लागला नाही म्हणून तो जॉर्जिया नावाच्या देशात शिकायला गेला. तिथं रस्ता ओलांडताना त्याला गाडीनं उडवलं. ह्यांच्या पासपोर्टचं काम नावातल्या चुकीपायी अडकून पडलेलं. माझा मात्र ओंकारनं मागच्या सुट्टीत हट्टानं काढून घेतला होता, ‘आई, माझ्या पदवीला तू यायचंस’ म्हणून. त्याच पासपोर्टावर मी निघाले. इंग्रजी येत नव्हतं, त्या देशाची भाषा तर कानावरूनही गेलेली नव्हती. विमानतळावर निरोप देताना हे एवढंच म्हणाले, “त्याला घिऊनच ये.” विमान उडताना मी देवीला नवस बोलले, माझं लेकरू डोळे उघडेल तोवर मी अन्नाला शिवणार नाही.

ओंकार यंत्रावर होता. छाती वरखाली होत होती, अंग कोमट होतं, पण हाक मारली तर पापणी हलत नव्हती. त्याच्या वर्गातली प्रणाली, जालन्याची मुलगी, माझ्याबरोबर असायची. डॉक्टर बोलायचे आणि ती मला मराठीत सांगायची. सांगता सांगता तीच रडायला लागायची. “काकू, ते म्हणतात मेंदू संपलाय. श्वास फक्त मशीनचा आहे. मशीन काढायला तुमचा होकार पाहिजे.” मी मान हलवली नाही. छाती हलत असलेल्या पोराला जा कसं म्हणायचं? रोज तेच विचारणं आणि रोज माझं तेच गप्प राहणं. फोनवर हे म्हणायचे, “तू तिथं हाईस. तू म्हणशील ते. माझ्यात नाय ताकद.” आणि पलीकडं नुसता हुंदका. मी पाणी आणि बिनदुधाचा चहा एवढ्यावर होते. नवस मोडला तर पोरगं जाईल, या भीतीनं बिस्किटाचा तुकडासुद्धा तोंडात घातला नव्हता. देवीवर विश्वास उरला नव्हता, तरी नवस सोडवत नव्हता. माणूस किती विचित्र असतं.

त्या दिवशी प्रणालीची परीक्षा होती. दुपारी दवाखान्यातून मी एकटीच तिच्या खोलीकडं, जिथं मी उतरले होते, निघाले आणि वाट चुकले. वारं असं की अंगातलं स्वेटर असून नसल्यासारखं. सगळ्या गल्ल्या सारख्याच, पाट्यांवरची अक्षरं वेलबुट्टीसारखी. डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. एका घराच्या तळमजल्याचं दार उघडं दिसलं. आत लांबलचक टेबलं मांडलेली, माणसं जेवत होती. मला वाटलं हॉटेल आहे. घोटभर गरम पाणी मागावं म्हणून आत गेले आणि उंबऱ्यातच भिंतीला धरून उभी राहिले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझी साडी, माझं कुंकू, रडून सुजलेले डोळे. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घातलेली माझ्याच वयाची एक बाई उठून आली. ती काही बोलली, मला कळलं नाही. तिनं माझा गारठलेला हात दोन्ही हातांत धरला आणि मला थेट आपल्या शेजारच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. समोर एका तरुणाचा फोटो होता, त्यापुढं मेणबत्ती. तेव्हा मला कळलं की हे हॉटेल नाही. उठायला लागले तर बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

एक मुलगी मोबाईल घेऊन आली. त्यात ती बोलली आणि मोबाईल हिंदीत बोलला, “यह मेरा भाई है. आज चालीसवाँ दिन है. माँ कहती है, आप मेहमान हैं, बैठिए.” आपल्याकडं तेरावं असतं तसं त्यांच्याकडं चाळिसाव्या दिवसाचं जेवण असतं, हे नंतर प्रणालीनं सांगितलं. त्यांचे उपासाचे दिवस होते, त्यामुळं पानात मांसमच्छी नव्हती. राजम्यासारखी उसळ, जाडसर रोटी, भात. आणि एका वाडग्यात मध घालून शिजवलेले अख्खे गहू. सगळ्यांत आधी प्रत्येकानं त्यातला चमचाभर खायचा असतो. वाडगा माझ्यापुढं आला. मी हात जोडून नको म्हटलं. पुन्हा आला. पुन्हा नको म्हटलं.

मग मीच त्या मोबाईलसमोर तोंड नेलं. हिंदी आपल्या औरंगाबादची, मोडकीतोडकी. “मेरा बेटा दवाखाने में है. मशीन पे है. मैंने देवी को बोला है, वो आँख खोलेगा तब खाऊँगी.” मोबाईलनं ते त्यांच्या भाषेत म्हटलं. एका म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

ती बाई रडली नाही. सावकाश काही बोलली. मुलीनं मोबाईल पुढं धरला. “माँ कहती है, मैंने भी खाना छोड़ दिया था. वह फिर भी गया. भूखी माँ को छोड़कर जाना बच्चे के लिए बहुत मुश्किल होता है. खा लीजिए.”

त्या वाक्यानं माझ्यात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी नवस नवस म्हणत होते, पण त्या नवसाच्या दोरीनं मी माझ्या लेकराला त्या पलंगाला बांधून ठेवलं होतं, असं काहीतरी आत लखकन दिसलं. तिनं चमचा उचलला आणि लहान पोराला भरवावं तसा माझ्या तोंडाशी आणला. मी तोंड उघडलं. गहू मऊ होता, गोड होता. घास गिळला आणि मग जो हंबरडा फुटला तो मला आवरेना. कुणी मला गप्प केलं नाही. ती बाई मला धरून बसली आणि माझं रडणं ओसरलं तसं तिनं रोटीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. मी जेवले. पोटभर जेवले, याची लाज वाटत होती आणि वाटतही नव्हती.

तिच्या घरच्या माणसानं मला गाडीनं दवाखान्यात सोडलं. संध्याकाळी प्रणाली आली. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच मी होकार सांगितला. मग ओंकारच्या कानाशी वाकले. “बाळा, मी जेवले. माझी काळजी करू नको. जा.” त्याचा हात माझ्या हातात होता. यंत्र थांबलं आणि थोड्या वेळानं तोही थांबला.

ह्यांनी सांगितलं होतं तसं मी त्याला घेऊनच आले. विमानतळावर हे पेटीवर हात ठेवून उभे राहिले. पुढं पुष्कळ दिवसांनी एकदा म्हणाले, “ती बाई कोण होती गं?” मी म्हटलं, “मला तिचं नावबी ठावं नाय.” ते म्हणाले, “असू दे. देवीला ठावं असंल.”

दुःख कमी झालंय असं मी म्हणणार नाही. काही सकाळी अजून अंथरुणातून उठवत नाही. मला जे हवं होतं ते देवीनं दिलं नाही, आणि का दिलं नाही हे मी आता विचारत नाही. आपण मूठ घट्ट धरून बसलो की तिला काही देता येत नाही आणि काही नेताही येत नाही, एवढं मला कळलं. संध्याकाळी दिवा लावताना मी दोन मुलांसाठी हात जोडते, एक माझा आणि एक त्या बाईचा. तिच्या मुलाचंही नाव मला माहीत नाही. माझं लेकरू गेलं त्या दिवशी, जिथं माझं कुणी नव्हतं तिथं, आईनं मला उपाशी ठेवलं नाही.