सैन्यातली पाच टनी आणि निमोण्याचा ऊस

पंचाहत्तरी ओलांडल्यावर घराबाहेर पडण्यासाठी सबळ कारण लागते. मला ते तानाजीने दूरध्वनीवरून दिले. तानाजी सैन्यात चालक होता. मी लष्करी वाहनांच्या कार्यशाळेत नागरी तपासनीस होतो. वाहन सेवेस योग्य आहे की लिलावात काढण्याजोगे, हे ठरवणाऱ्या कागदावर सही करणे, हे माझे आयुष्यभराचे काम.

"साहेब, आपली ती पाच टनी गाडी, गावानं लिलावात घेतलेली," तो म्हणाला. "दौंडात तिचा आगीचा बंब करून घेतलाय. गुरुवारी निमोण्याला न्यायची. त्याआधी तुम्ही एकदा हात लावून बघा."

ज्या गाड्यांना मी निरोप दिला, त्यांचे पुढे काय झाले, हे मी कधीही विचारले नव्हते. म्हणून निघालो.

बुधवारी सकाळी स्वारगेटहून सोलापूर रस्त्याची एसटी पकडली. माझ्या वयाच्या प्रवाशांना एसटी विनामूल्य आहे. आधारकार्ड मात्र जवळ ठेवावे, वाहक चेहऱ्यावर विश्वास ठेवत नाहीत. हडपसर ओलांडण्यातच तासभर गेला. कासुर्डीचा टोलनाका मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला आणि दोन्ही बाजूंना ऊस दिसू लागला. सगळ्याच गाड्या दौंड गावात शिरत नाहीत, त्यामुळे पाटसला उतरून पुढे वडापची जीप करावी लागते. जीपमध्ये माझ्यासह बाराजण होते. तेरावा टपावर बसण्यास तयार होता. चालकाने त्याला माझ्या मांडीजवळची चार बोटे जागा दाखवली आणि तो खरोखरच मावला.

अशोक मिस्त्रींची कार्यशाळा दौंडच्या वेशीवर आहे. उसाच्या ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर हा त्यांचा नेहमीचा धंदा. आवारात गाडी उभी होती. हिरवा रंग जाऊन लाल आला होता, तरी उभे राहण्याची ढब तीच. अशा गाड्या बहुधा वय झाले म्हणून सेवेतून निघतात, झिजल्या म्हणून नव्हे. जमिनीपासूनची उंची भरपूर, पुढची-मागची सगळी चाके ओढणारी, त्यामुळे काळ्या रानातही त्या सहसा रुतत नाहीत. निमोण्याला नेमके हेच हवे होते.

ते का, हे तानाजीबरोबर तिथे आलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने, संगीताताईंनी, सांगितले. गाडीसाठी घरोघर फिरून वर्गणी गोळा करणाऱ्या त्याच. "मागल्या साली तालुक्याचा बंब आला, पर डांबरीवरच हुबा ऱ्हायला. आत शिरंना. आम्ही बांधावर, बंब रस्त्यावर, आन् ऊस मधी जळतोय. आबा, माझा चार एकर हाय इजंच्या डीपीला लागून. वारं सुटलं की तारा एकमेकीला चिकटत्यात. मला झोप न्हाई."

मी गाडीखाली वाकलो. वाकता येईना तेव्हा पोते अंथरून आडवा झालो. चासी, ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, सारे उत्तम होते. मग शिडीवरून चढून टाकीचे झाकण उघडले आणि विजेरीचा प्रकाश आत टाकला. चार हजार लिटरची टाकी आतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी होती.

"आतले पडदे कुठे आहेत?" मी विचारले.

"कसले पडदे, आबा?" अशोक मिस्त्री म्हणाले. "वीस वर्षं टँकर बनवतोय. एक पण रिटर्न न्हाई."

त्यांचे बोलणे खोटे नव्हते. गावचा टँकर विहिरीवर काठोकाठ भरतो आणि एका जागी उभा राहून रिकामा होतो. मिस्त्रींनी ही गाडीसुद्धा काठोकाठ भरून पळवून पाहिली होती. भरलेल्या टाकीतले पाणी हलत नाही. बंबाचे तसे नसते. एका बांधावर निम्मे पाणी मारून त्याला दुसऱ्या बांधावर धावावे लागते. त्या वेळी दोन हजार लिटर पाणी आत सैरावैरा होते. ते अडवण्यासाठी टाकीत भोके पाडलेले पत्र्याचे आडवे पडदे लागतात.

"निम्मी रिकामी करा आणि चालवून दाखवा," मी म्हणालो.

शेजारच्या माळावर तानाजीने गाडी पळवली आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली, क्षणभराने पुन्हा हातभर पुढे गेली. वळणावर त्याने चाक सरळ केले, तरी गाडी कललेलीच राहिली आणि मग हिसका देऊन सावरली. तानाजी खाली उतरला, तो घाम पुसतच.

"ताई, मागनं कुणीतरी ढकलतंय," तो म्हणाला.

"उद्या गावात हलगी सांगितलीया," संगीताताई म्हणाल्या. "जेवणं सांगितल्याती. गाडी न्हाई म्हणून सांगू?" मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "आबा, म्हयन्यामागं फोटू धाडलं व्हतं की तुम्हाला. तवा का न्हाई बोललासा?"

छायाचित्रे आली होती. मी चासी पाहिली, टायर पाहिले आणि 'उत्तम' असे लिहून पाठवले. टाकी सैन्याची नव्हती, म्हणून ती माझ्या नजरेच्या कक्षेतच आली नाही.

"गाडी न्यायला मी नाही म्हणतो, एवढेच सांगू शकतो," मी म्हणालो. त्या दूर गेल्या आणि एकेक फोन लावू लागल्या.

त्या रात्रीपासून मुक्काम रेल्वे स्थानकाजवळच्या लॉजवर. खोली स्वच्छ होती. मालगाड्यांची शिट्टी भाड्यातच समाविष्ट. शेजारच्या खानावळीत एकशे वीस रुपयांत पिठले, दोन भाकरी, ठेचा आणि हवा तेवढा भात मिळतो. पिठले उत्कृष्ट.

गुरुवारी काम सुरू झाले. झाकणातून आत उतरू शकेल असा एकच सडसडीत वेल्डर होता. तो दहा मिनिटे आत काम करी आणि दहा मिनिटे बाहेर येऊन श्वास घेई. दुपारपर्यंत तीनपैकी एक पडदा बसला. अशोक मिस्त्री माझ्याशी बोलत नव्हते, पण प्रत्येक सांधा मला दाखवल्याशिवाय पुढे जात नव्हते.

चारच्या सुमारास संगीताताईंचा फोन वाजला. "कुठं? कंच्या बाजूला?" एवढेच त्या बोलल्या. मग हात खाली आला.

"पेटला," त्या म्हणाल्या. "माझाच."

आवारातले सगळे हात थांबले. त्या गाडीकडे बघत होत्या. वेल्डर टाकीबाहेर डोके काढून बघत होता.

"आबा, आत्ता न्हेली तर?"

काल छायाचित्रांवरून त्यांनी मला दोष दिला होता. आता दिला नाही, हे अधिक जड होते. "इथून पोहोचायला दीड तास लागेल," मी म्हणालो. "ऊस तोवर थांबणार नाही. आणि चाकावर तुमचा भाऊ असेल."

"न्हाई न्हेत," त्या म्हणाल्या आणि मिस्त्रींना ओरडल्या, "बघताय काय? लावा की पुढचा पत्रा!"

शुक्रवारी दुपारी तिन्ही पडदे बसले. निम्म्या टाकीने पुन्हा माळावर परीक्षा घेतली. तानाजीने ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि थांबलीच. चौफुल्यावरून उत्तरेला वळून, पारगावजवळ भीमा ओलांडून, न्हावऱ्यामार्गे आम्ही निमोण्याला गेलो. हा रस्ता चांगला आहे, मात्र हंगामात ट्रॉल्यांमागे धीर धरावा लागतो.

हलगी नव्हती. पाचसहाजणी आरतीचे ताट घेऊन उभ्या होत्या. संगीताताईंनी गाडी आधी आपल्या रानात न्यायला लावली. चारपैकी सव्वा एकर काळा पडला होता. उरलेला शेजाऱ्यांनी उसाचे वाळके पाचट ओढून, मध्ये पट्टा मोकळा करून वाचवला होता. गाडी पहिल्या गिअरमध्ये सरीवरंबे ओलांडत थेट डीपीपाशी जाऊन उभी राहिली. कालही ती इथवर आली असती.

"राग हाय माझा तुमच्यावर," त्या शांतपणे म्हणाल्या. "च्या घेऊनच जा."

चहा गुळाचा होता. शिरूरहून एसटीने त्याच रात्री पुण्यास पोहोचलो.

हे लिहीपर्यंत तीन आठवडे लोटले आहेत. कोणी असे वाहन घेत असेल, तर माझे सांगणे एवढेच: गाडी सैन्याने पारखलेली असते, तिच्यावर आपण जे चढवतो ते पारखलेले नसते, म्हणून तेच आधी तपासावे. मी उलट केले, आणि त्याची किंमत सव्वा एकराने मोजली. माझा नकार योग्य होता, याविषयी मला शंका नाही. तो महिनाभर उशिरा आला, याविषयीही नाही.

संगीताताईंचा फोन आलेला नाही. काल मात्र शेजारच्या एका गावातून एका अनोळखी गृहस्थांचा आला. त्यांनीही लिलावात एक पाच टनी घेतली आहे.

"निमोण्याच्या ताईंनी नंबर दिला," ते म्हणाले आणि जरा अडखळले. "म्हणाल्या, म्हातारा लई किटकिट्या हाय. पर पत्रा कापायच्या आधी बोलवा."

सोमवारची पहिली एसटी सहाची आहे.