परक्या स्कूटरचं पार्किंग

ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात. निवृत्तीला सहा महिने उरले होते आणि सोलापुरात आपल्यासारखा तपास कुणाला जमत नाही, असं माझं ठाम मत होतं.

एक यंत्रमाग कामगार स्कूटरवरून बाहेर पडला तो चार दिवस परतला नव्हता. बेपत्ता असल्याची तक्रार दाखल होती. त्याची मुलगी सकाळपासून ठाण्यातल्या बाकावर बसून असे. चौथ्या दिवशी पार्किंगच्या ठेकेदाराच्या माणसाने खबर दिली: स्कूटर नव्या पेठेत उभी आहे आणि तिचं पार्किंग रोज कुणीतरी मोबाइलवरून भरतंय. आम्ही डिकी उघडली. आत त्याचं पाकीट आणि बंद पडलेला मोबाइल. पाकीट शाबूत, म्हणजे लूटमार नाही, म्हणजे घातपातच! मी मिशीवरून हात फिरवला.

पैसे भरणारा नंबर निघाला समोरच फुटपाथवर कडक भाकरी विकणाऱ्या बाईंचा. दुधनीकडच्या, साठीच्या. ठाण्यात आणून त्यांना मी दोन तास फैलावर घेतलं.

"तो तुमचा कोण?"

"कोन न्हाय की."

"मग त्याचं पार्किंग का भरता?"

"न्हाय भरलं तर गाडी उचलून नेत्यात."

"नेली तर तुमचं काय जातं?"

"माजं काय जातंय? त्याचं जातंय की!"

बाई मुरलेली आहे, असा मी शेरा मारला. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या महिला हवालदाराने सहज विचारलं, "मावशी, तो माणूस गेला कुठं?"

"सरकारी दवाखान्यात! छाती धरून खाली बसला, मीच रिक्षात घालून दिला."

"अहो, मग दोन तास सांगितलं का नाही?" मी ओरडलो.

"तुमी इचारलं कुटं, सायेब? तुमचं आपलं एकच, का भरलं, का भरलं."

तो दवाखान्यातच होता, बेशुद्ध, 'अनोळखी पुरुष' म्हणून. दवाखान्याची तशी लेखी सूचना तीन दिवस माझ्याच टेबलावर, माझ्याच चष्म्याच्या डबीखाली पडून होती. मुलीला तिथे नेलं. तिने हाक मारली. त्याने डोळे उघडले नाहीत, पण तिचं बोट घट्ट धरलं. वाचेल, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी बाईंना मीच नव्या पेठेत सोडलं. उतरल्या त्या थेट स्कूटरकडे. "आजचं भरायचं ऱ्हायलंय. तुमी अडकवून ठिवलं की!"

मी भरतो म्हणून मोबाइल काढला. मला काही ते जमेना. मग बाईच नंबरपाटीसमोर उकिडव्या बसल्या. पाटीकडे बघायच्या, मोबाइलमध्ये हुडकायच्या, एका बोटाने दाबायच्या, पुन्हा पाटीकडे बघायच्या.

"वाचता येत नाही?"

"न्हाय. हितं जसं हाय तसलंच तितं दाबायचं."

ज्याचं नावही माहीत नाही, त्या माणसासाठी चार दिवस हे चाललं होतं.

वाईट कृत्यामागे हेतू असतोच, हे आम्हाला शिकवलेलं; तो शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. चांगल्या कृत्यामागे तो सापडलाच पाहिजे असं नाही, हे मला त्या फुटपाथवर कळलं. बाई शेवटच्या आकड्याशी झटत होत्या. मी टोपी काढून कधी हातात घेतली, माझं मलाच कळलं नाही.