जूनमध्ये परत येणाऱ्या सीड्या

"माल डुप्लिकेट आहे का?" पाटणकर साहेबांनी फोनवर विचारलं.

"असेल, साहेब," मी म्हणालो.

माल डुप्लिकेट नव्हता. मला ते पक्कं माहीत होतं, कारण त्या दुकानातली प्रत्येक सीडी मीच पुरवलेली होती. तरी जालन्याच्या एसटी स्टँडजवळच्या पीसीओत उभं राहून मी 'असेल' म्हणालो. ही चूक माझ्याकडून कुणी करून घेतली नाही. मी ती केली, आणि नंतर पुष्कळ वर्षं तिच्याबद्दल गप्प बसलो.

मी तेव्हा कॉम्प्युटर गेम्सच्या एका वितरक कंपनीत सेल्सचं काम करत होतो. औरंगाबादला राहायचो. जालना, परभणी, बीड हा माझा एरिया. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. जालन्यात घरी कॉम्प्युटर घेणारी कुटुंबं नुकती दिसायला लागली होती. बियाणे कंपन्यांतले अधिकारी, स्टीलच्या कारखान्यांतले मॅनेजर, नवराबायको दोघंही नोकरीला असलेले शिक्षक. परदेशात गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीला आमच्या धंद्यात पब्लिशर म्हणत. पुस्तकाचा प्रकाशक असतो तसाच. आमची कंपनी पब्लिशरकडून परवाना घेऊन सीड्या इथे तयार करायची, डब्यांत भरायची आणि दुकानदारांना द्यायची. विकल्या गेलेल्या प्रत्येक नव्या डब्यामागे पब्लिशरला ठरलेला वाटा जायचा.

जालन्यातले माझे डीलर होते मिलिंद खरात. नव्या जालन्यात त्यांचं लहान दुकान होतं. कॉम्प्युटर दुरुस्ती, प्रिंटरची शाई, आणि गेम्सचं एक काचेचं कपाट. त्या काळी गेम म्हटलं की बाजारात कॉपी मारलेल्या सीड्याच जास्त. प्लास्टिकच्या पिशवीत सीडी, वर स्केचपेननं नाव. खरातांच्या कपाटात तशी सीडी मी कधी पाहिली नाही. कुणी मागितलीच तर म्हणायचे, "ते रस्त्यावर मिळतंय. आपल्याकडे डब्यातला माल."

एप्रिल-मे महिन्यांत त्यांची ऑर्डर माझ्या एरियात सगळ्यांत मोठी असायची. जून उजाडला की ती एकदम शून्यावर यायची, आणि तरी त्यांचं कपाट भरलेलं असायचं. हे कोडं मला एका जूनमध्ये त्यांच्या दुकानात उभ्या उभ्या सुटलं.

मी हिशोब करत बसलो होतो. एक बाई आल्या आणि त्यांनी पिशवीतून दोन डबे काढून काउंटरवर ठेवले. या कदम मॅडम. बदनापूरला शाळेत शिकवायच्या.

"घ्या खरात, तुमची भुतं परत. शाळा उघडली."

"पोरी रडल्या का?"

"धाकटी रडली. थोरली म्हणते, दिवाळीत परत आणू. व्यापारी व्हायची ती."

खरातांनी एकेक डबा उघडला. सीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून ओरखडे पाहिले, कॉम्प्युटरमध्ये घालून चालवून पाहिली आणि मॅडमना अर्धी किंमत परत दिली. मॅडम गेल्यावर त्यांनी दोन्ही डब्यांवर 'जुना' अशी पांढरी चिठ्ठी लावली आणि ते कपाटात ठेवले.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"काय म्हंजे? जुना माल घेऊन राह्यलो."

"आणि विकता?"

"मंग काय पूजा करू?"

मी तक्रारीच्या सुरात बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्यासमोर स्टूल ओढलं. "साहेब, गेम पोरं घेत न्हाईत. मायबाप घेतात. आन् मायबापाला गेम नको असतो, सुट्टीत पोरं उन्हात हिंडायला नको असतात. जूनमध्ये ते खूळ घरात बिलकुल नको. म्हणून मी एप्रिलमध्येच सांगतो, शाळा उघडली की आणून द्या, अर्धे पैसे देतो. मंग घेतात. नस्ता कुणी डब्याला हात लावत न्हाई."

"आणि जुना कोण घेतो?"

"ज्याला नवा परवडत न्हाई तो. तो तुमचा गिऱ्हाईक नव्हताच."

"पण दुसऱ्या विक्रीत कंपनीला काहीच मिळत नाही, खरात."

"मी माझी स्कूटर विकली तर कारखान्याला हिस्सा पाठवायचा का?"

"स्कूटर झिजते. सीडी झिजत नाही. चौथ्या माणसालाही पहिल्याइतकीच मजा मिळते."

"हे बी बराबर हाय," खरात म्हणाले आणि चहा सांगितला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण माझा सगळा गुन्हा याच फरकात आहे. जुना माल आणि डुप्लिकेट माल या दोन वेगळ्या गोष्टी. आमचे गेम खेळताना मूळ सीडी ड्राइव्हमध्ये असावीच लागे. सीडी ज्याच्या हातात, गेम त्याचा. कदम मॅडमनी सीडी परत दिली की त्यांच्या मुलींचा गेम बंद, आणि पुढच्या घरात तो सुरू. एकीच्या दोन झाल्या नाहीत. डुप्लिकेटमध्ये मात्र एकीच्या शंभर होतात आणि पब्लिशरला एकीचेही पैसे जात नाहीत.

पाटणकर साहेब आमचे सेल्स मॅनेजर. पुण्याला बसायचे. माणूस सरळ होता. माझं टार्गेट त्या दिवाळीनंतरही लागोपाठ चुकत होतं, आणि पुण्याला बढतीवर जायची माझी फार इच्छा होती. साहेबांनी त्या फोनवर कारण विचारलं तेव्हा मी जालन्याच्या जुन्या मालाचं नाव पुढे केलं.

ते म्हणाले, "हे बघ, बनवणारी माणसं एकेका गेमवर वर्षानुवर्षं घालवतात. चार घरांत खेळला गेला आणि पैसे एकाच घरातून आले, तर पुढचा गेम बनवायचा कुणी?"

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. आजही मला ते खोडून काढता येत नाही. मग ते म्हणाले, "पण जुना माल विकणं गुन्हा नाही. तेवढ्यावर डीलरशिप काढता येत नाही." आणि त्यापुढे त्यांनी तो प्रश्न विचारला, माल डुप्लिकेट आहे का म्हणून.

त्यांना काय उत्तर हवंय ते मला कळलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. खरं तर त्यांनी सरळ प्रश्न विचारला होता. 'नाही' म्हटलं असतं तर त्यांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला असता.

कंपनीनं खरातांचा माल थांबवला. जिल्ह्यातल्या इतर दुकानदारांना कळवलं की त्या दुकानातल्या मालाची कंपनी हमी देत नाही. अशी बातमी अंबडला आणि भोकरदनला पोचायला वेळ लागत नाही. जालन्यात तर दुपारपर्यंत पोचते. संध्याकाळी खरातांचा फोन आला.

"साहेब, मला डुप्लिकेटवाला म्हणून राह्यले. कोण म्हणलं हे?"

"वरून आलंय."

"वर कोण? वरच्यानं तर माझं दुकान पाह्यलं बी न्हाई."

"मी बघतो."

"बघा जरा. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. तुम्हाला तर सगळं माहीत हाय."

मी काही बघितलं नाही.

पुढचं मला त्यांच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून कळलं. कदम मॅडम आल्या होत्या. दिवाळीत नेलेला एक डबा, वाढदिवसाचा एक डबा, सगळं घेऊन. "खोटं बोलू नका म्हणून मी वर्गात मुलींना सांगते, आणि घरात नकली माल," असं चार गिऱ्हाइकांसमोर बोलल्या. अर्धे घ्यायला तयार नव्हत्या. खरातांनी पूर्ण पैसे दिले. बिलं दाखवू पाहिली तर मॅडम म्हणाल्या, "बिलंही छापता येतात." त्यांच्यामागून इतर पालक आले. माणूस डुप्लिकेट विकतो म्हटल्यावर दुरुस्तीला कॉम्प्युटर कोण देणार? आत भलताच पार्ट घातला तर? काही महिन्यांत ते काचेचं कपाट विकलं गेलं आणि दुकानाचा अर्धा गाळा दुसऱ्याला दिला गेला.

जालन्यात मी नवा डीलर नेमला. मोठं दुकान, एसी, काचेचं दार. एप्रिलमध्ये विक्री जोरात व्हावी म्हणून मी स्वतः तिथे उभा राहिलो. एका गृहस्थांनी डबा उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "शाळा उघडली की परत घेता का?"

"विकलेला माल परत नाही," नवे डीलर म्हणाले.

गृहस्थांनी डबा होता तिथे ठेवला आणि माउस पॅड घेऊन गेले.

त्या आठवड्यात हाच प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकत राहिलो. कुणी जुना गेम मागायला आलं नव्हतं. सगळे नवाच घेणारे होते, आणि तो घरातून बाहेर जाण्याची सोय नाही म्हणून घेत नव्हते. खरातांच्या उन्हाळ्याच्या जवळपासही आमचा तो उन्हाळा गेला नाही. ज्या परतीला आम्ही कंपनीची गळती समजत होतो, तिच्याच भरवशावर जालन्यात नवा माल खपत होता. सगळीकडे असंच असेल असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या गावात पाटणकर साहेबांचं गणित बरोबर निघालंही असतं. पण मी एरियाचा माणूस होतो. माझ्या गावाचं गणित मला माहीत असायला हवं होतं, आणि ते मला चहा पाजून सांगितलेलं होतं.

"जालन्याचं मार्केटच पडलं," साहेब म्हणाले. मी हो म्हणालो. खरं कारण सांगायचं तर सुरुवात त्या एका शब्दापासून करावी लागली असती. बढती मिळाली नाही. पुढे कंपनीनं गेम्सचा धंदाच बंद केला. आता गेम फोनवर उतरतो. तो परत देता येत नाही, विकता येत नाही, शेजाऱ्याला उसना देता येत नाही. पब्लिशर जिंकले, असं म्हणतात. घराघरांतल्या आईबापांना विचारलं तर ते काय म्हणतील, मला माहीत नाही.

मी आता ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत आहे. मध्यंतरी आमच्या एका डीलरबद्दल मला वरून विचारणा झाली, पाइप दुसऱ्याच कुणाचे विकतो का म्हणून. मी जाऊन गोदाम पाहिलं. पाइप आमचेच होते. तसं कळवून टाकलं. याला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. परत येताना जालन्यात उतरलो आणि खरातांचं दुकान शोधत गेलो.

ते आता सीसीटीव्ही कॅमेरे बसवतात. हातात पेचकस घेऊन एक कॅमेरा खोलत बसले होते. मला ओळखून हसले. "या साहेब. पार पिकले की तुम्ही."

मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. प्रश्न काय होता, मी काय उत्तर दिलं, आणि त्यांच्या फोनवर काय लपवलं.

खरातांनी पेचकस खाली ठेवला.

"मी हे त्या एसीच्या दुकानवाल्याचं काम समजत होतो," ते म्हणाले. "इतकी वर्षं त्याला शिव्या देऊन राह्यलो. त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन तो स्वतः आल्ता. गेलो न्हाई मी."

"माझी चूक झाली, खरात. मला माफ करा."

"मला सांगून काय होतंय? माल खरा होता हे मला माहीतच होतं. ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगा." ते उठले, शटर अर्धं ओढलं आणि एक हेल्मेट माझ्या हातात दिलं. "चला. बदनापूरला जाऊ."

त्यांच्या स्कूटरवरून आम्ही बदनापूरला पोचलो. कदम मॅडम आता निवृत्त झाल्यात. ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. खरातांना पाहून म्हणाल्या, "खरात, मला कॅमेरे नकोत."

"कॅमेरे न्हाई आणले, मॅडम. हे साहेब आणले. यांना काही सांगायचंय."

मी सांगितलं. मॅडम मेथीची जुडी हातात धरून ऐकत होत्या. माझं संपलं. त्यांनी शेजारच्या कुंपणाकडे तोंड करून हाक मारली, "शिंदे बाई, जरा इकडे या."

मग मला म्हणाल्या, "यांना मी तेव्हा सांगितलं होतं, खरात नकली माल विकतात म्हणून. आणि यांनी सगळ्या स्टाफरूमला."

शिंदे बाई पदराला हात पुसत आल्या. कोण, काय, असं विचारत ओट्याच्या कडेला टेकल्या. मॅडमनी खरातांना खुर्ची दिली. मला दिली नाही.

"हं," त्या म्हणाल्या. "आता पहिल्यापासून सांगा. मोठ्यानं."

मी पहिल्यापासून सांगितलं. खरातांच्या दुकानातली प्रत्येक सीडी खरी होती. ती डुप्लिकेट असल्याचं कंपनीला मी सांगितलं, खरं माहीत असून, माझ्या बढतीसाठी. मग खुर्चीत बसलेल्या खरातांकडे वळलो, हात जोडले, आणि त्या दोघींच्या देखत त्यांची माफी मागितली.