हेल्दी कंट्रोल नंबर सात

"एच-सात हटा दो यार, ट्यूब बदल गई होगी."

काचेच्या पार्टिशनपलीकडून ताईचा आवाज आला. ताई म्हणजे आमच्या दिल्लीकडच्या लॅबमधली पोस्टडॉक, पीएचडी संपवून संशोधन करणारी. ती पुण्याची, म्हणून माझी ताई, बाकीच्यांची मॅम. ती टेक्निशियन भैयाशी बोलत होती. त्याने काचेतून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. कारण त्याला माहीत होतं: एच-सात म्हणजे मी.

आमच्या प्रयोगात संधिवाताच्या रुग्णांच्या रक्ताशेजारी तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त ठेवावं लागतं. निरोगी माणसं लॅबमधूनच मिळतात. भैया सकाळी दंडाला बांधायचा पट्टा घेऊन फिरतो, ज्याने पोटभर नाश्ता केलाय तो खुर्चीत बसतो, नंतर त्याला बिस्किटं आणि ज्यूस मिळतो. नावं भैयाच्या कुलूपबंद रजिस्टरमध्ये राहतात. नळीवर रुग्णासाठी 'पी' आणि आकडा, आमच्यासाठी 'एच' आणि आकडा. एच म्हणजे हेल्दी. नवीन आलेल्याने पहिल्याच महिन्यात रक्त द्यायचं, हा तर जवळजवळ नियमच. मीही दिलं होतं, नळीवरचा माझा आकडा तेव्हाच पाहिला होता. ते कोणाचं आहे हे ताईला माहीत नव्हतं, माहीत असायलाही नको होतं.

ताईने नळी काढायला का सांगितलं, ते बघायला मी पेशी मोजणाऱ्या मशीनच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली.

आम्ही ज्या पेशींमागे लागलोय त्यांना रेग्युलेटरी टी-पेशी म्हणतात, बोलताना टी-रेग. शरीरातल्या लढणाऱ्या पेशी एकदा चेकाळल्या की त्यांना 'बस, पुरे आता' म्हणणारं कोणीतरी लागतं. ते काम यांचं. यांनी हलगर्जीपणा केला तर लढणाऱ्या पेशी आपल्याच सांध्यांवर, आपल्याच ग्रंथींवर चालून जातात. यांनी अतीच केलं तर कॅन्सरच्या गाठीला आयतं संरक्षण मिळतं. त्यांची परीक्षा घ्यायची आमची पद्धत मला पहिल्या दिवसापासून आवडते. लढणाऱ्या पेशींना चमकणारा हिरवा रंग देतात. पेशीची दोन झाली की रंग निम्मा होतो, पुन्हा दोन झाली की आणखी निम्मा. चार दिवसांनी मशीनमधून पेशी सोडल्या की पडद्यावर फिकट होत गेलेल्या पिढ्यांची डोंगररांग दिसते. पण सोबत टी-रेग टाकले असतील, आणि ते चांगले असतील, तर पेशी वाढतच नाहीत. उजव्या टोकाला एकच उंच, झगझगीत सुळका उभा राहतो.

एच-सातच्या फाइलमध्ये सुळका नव्हता. होती ती अख्खी डोंगररांग. माझ्या टी-रेगनी काहीही आवरलं नव्हतं.

आणि पी-चारमध्ये, म्हणजे एका रुग्णामध्ये, बऱ्यापैकी सुळका होता. ताईचा निष्कर्ष सरळ होता. एक निरोगी माणूस रुग्णासारखा वागतोय, एक रुग्ण निरोग्यासारखा, दोघंही एकाच दिवशीचे. म्हणजे नळ्या बदलल्या, त्या दिवशी नळ्या हाताळल्या मी, म्हणजे बदलणारीही मी, तर दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये दोन्ही वगळून टाकायच्या.

मी खुर्चीत बसून पडद्याकडे बघत राहिले, आणि मग मला रोज सकाळची माझी गोळी आठवली.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून मी थायरॉइडची गोळी घेते, उपाशीपोटी. दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये तिला 'तुझी गोळी' म्हणतात. तिची पट्टी साबुदाण्याच्या डब्यामागे असते, कारण माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाल्यापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये असं आईला वाटतं. "सांगत बसू नकोस कुणाला," ती म्हणते, "हा काही आजार नाहीच." मला तेव्हा रिपोर्टमध्ये अँटीबॉडी वाढलेल्या आहेत असं सांगितलं होतं. त्याच वर्षी मी परीक्षेत थायरॉइडच्या ऑटोइम्यून आजारावर तीन पानं लिहिली होती. स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला, टी-रेगचा कमकुवत पहारा, बाणांसकट आकृती. चांगले मार्क पडले. ती आकृती आणि साबुदाण्यामागची पट्टी एकच, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. इंग्रजीत मला तो आजार पाठ होता. घरी मराठीत तो आजारच नव्हता.

रक्त देताना फॉर्मवर एक रकाना होता, नेहमीची औषधं कोणती. मागे निम्मी लॅब रांगेत उभी होती. मी 'नाही' लिहिलं. ते खोटं होतं की खरंच सुचलं नव्हतं, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. थोडं हे, थोडं ते.

खरं तर त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती. पण मला हसू येत होतं. मी उठून बाहेर गेले आणि सायकल स्टँडला दोन चकरा मारल्या. आयुष्यभर कोणी आपल्याकडे बघू नये अशा बेताने वागले, आणि इथे माझ्या सगळ्यात आतलं काहीतरी पडद्यावर हिरव्या रेघांनी उभं होतं. कोणाला ते ओळखू आलं नव्हतं, मला आलं होतं. प्रयोग चुकला नव्हता. एका खुर्चीत बसलेल्या, बिस्किटं खाणाऱ्या, धडधाकट दिसणाऱ्या मुलीतला आजार त्याने शोधला होता. तिसरी चक्कर मारताना माळी माझ्याकडे बघू लागला, तेव्हा मी थांबले.

मग पी-चार आठवला. मानेसरच्या एका कारखान्यात काम करणारा माणूस. कंपनीच्या बसमधून अर्ध्या वाटेत उतरून, दोन ऑटो बदलून आमच्याकडे रक्त द्यायला आला होता. दोन महिन्यांपासून नवं औषध चालू आहे, असं तो म्हणाला, आणि विचारलं नसताना हात पुढे करून त्याने मूठ मिटून दाखवली. आधी मिटत नव्हती. मी ते नोंदवहीत लिहिलंही होतं. कदाचित त्याचे टी-रेग खरोखरच कामाला लागले असतील. एका नळीवरून काही सिद्ध होत नाही, एवढं मलाही कळतं. पण ती नळीच काढून टाकली तर हा प्रश्नसुद्धा कोणी विचारणार नव्हतं.

जेवणाच्या वेळी मी धीर करून ताईजवळ गेले. मी नळ्या एकेक करूनच हाताळल्या होत्या, असं म्हटलं. ती मनापासून हसली.

"अगं, सगळे असंच म्हणतात. मी एकदा नमुन्यांची अख्खी प्लेट उलटी वाचली होती. गाइडना सहा महिने पत्ता लागू दिला नाही. कुणी तुला काही बोलणार नाहीये. बस, पनीर घे."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी बसले आणि पनीर खाल्लं.

मीटिंगमध्ये मी कधीच बोलत नाही. मनात वाक्य जुळवते, दोनदा तपासते, तोवर विषय पुढे गेलेला असतो. त्या दिवशीही तसंच होऊ लागलं. ताईने स्लाइड लावली. माझी आणि पी-चारची जागा तिने राखाडी करून ठेवली होती. आमच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, बदलल्याच कशावरून? ताई म्हणाली, दुसरं कारण काय असणार, निरोगी माणसाचे टी-रेग असे वागत नाहीत. ती तरी काय चुकीचं बोलत होती? माझ्या नावाचा उल्लेख न करता तिने 'हँडलिंग एरर' म्हटलं, मला सांभाळून घ्यायला. मॅडमनी मान हलवली. दाराशी उभा असलेला भैया आपल्या बुटांकडे बघत होता. त्याने तोंड उघडलं नसतं, कधीच नाही.

ताईचं बोट पुढच्या स्लाइडच्या बटणावर गेलं. आता गप्प बसले असते तर माझं गुपित घरी डब्यामागे सुरक्षित राहिलं असतं, आणि मानेसरच्या त्या माणसाच्या येण्याला काही अर्थ उरला नसता. माझा हात खांद्यापर्यंतच वर गेला, पण मॅडमना दिसला. सगळे वळले. इंग्रजीत जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. तरीही आतून काहीतरी उड्या मारत होतं. मी फक्त ताईकडे पाहिलं आणि मराठीत बोलले, बाकीच्यांसाठी ती सांगेल म्हणून.

"ताई, नळ्या बदललेल्या नाहीत. एच-सात मी आहे. मला थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार आहे, आणि फॉर्मवर मी 'नाही' लिहिलं होतं, ती चूक माझी. मला निरोगी गटातून काढ, पण पी-चारला राहू दे, त्याला परत बोलाव. आणि माझं रक्त पुन्हा घ्या. आजच घ्या."