बायको माहेरी असताना आलेला ताप

नागपुरात लघवीला जळजळ झाली की निदानासाठी डॉक्टर लागत नाही, घरादारात सगळेच ते करून मोकळे होतात. सत्तरच्या दशकातल्या एका मे महिन्यात मलाही 'उन्हाळी लागली' असं ठरवून सब्जाचं आणि धण्याजिऱ्याचं पाणी पाजलं गेलं. पण उन्हाळीने कुणाला हुडहुडी भरून ताप येत नाही. मी भर दुपारी गोधडी घेऊन पडलो होतो. लघवीला सारखं जावं लागे आणि थेंब थेंब होई. कंबर धरलेली, मांड्यांच्या मध्ये असा ठणका की सायकल सोडाच, पाटावरही बसवत नव्हतं.

बायको पहिल्या बाळंतपणासाठी मौद्याला माहेरी गेली होती. मोठ्या भावाला तेवढं पुरलं. खाटेजवळ येऊन हळूच म्हणाला, "बायको घरी नाही, अन् तुले हाच आजार कसा झाला गा? कुठं जाऊन राहिला होता?"

मी तोंडाला येईल ते बोललो. तापात होतो म्हणून नव्हे, आजही तेच बोलेन.

डॉक्टरांनी मागून बोट घालून तपासलं तेव्हा मी ओरडलोच. "प्रोस्टेटची गाठ सुजली आहे, जंतू शिरलेत," ते म्हणाले. "मध्यंतरी लघवीसाठी नळी घातली होती का?"

घातली होती. हर्नियाच्या ऑपरेशननंतर लघवी अडकली, तेव्हा हाच भाऊ शेजारी उभा होता. डॉक्टर त्याच्यासमोरच म्हणाले, "त्या नळीवाटेच जंतू वर चढले असतील. भलतंसलतं काही मनात आणू नका."

भावाने मान डोलावली, गोळ्या आणून दिल्या, आणि मौद्याला जाऊन सासऱ्यांना विश्वासात घेऊन सगळं सांगून आला. सगळं म्हणजे जळजळ आणि ताप. नळी तेवढी गाळली. सासऱ्यांचा निरोप आला, "जावईबापूले म्हणा, बारशाले या, पण पोरीले हात नका लावू." माझी नुकतीच जन्मलेली मुलगी, आणि मी तिला अजून पाहिलंही नव्हतं.

गोळ्यांचा लांबलचक कोर्स पुरा करून बारशाला गेलो. सासरे दारात आडवे उभे होते. ओसरीतल्या पाहुण्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी गाठ, नळी, जंतू सगळं सांगितलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. लाजायचं कारण त्या माणसाला होतं, मला नव्हतं. शेवटी त्याने वाट सोडली.

आतल्या खोलीत बायकोने सगळं ऐकलं होतं. मला पाहून ती रडली. मी हात पुढे केले.

"तुम्ही तसे नाही, मले माहीत हाय," ती म्हणाली. मग पोरीला छातीशी घट्ट धरून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पण आधी हात धुऊन घ्या. साबणानं."

मी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. भावावर ओरडलो होतो, सासऱ्यावर ओरडलो होतो. तिच्यावर ओरडता आलं नाही.