पडद्यापलीकडची मूठ

धाकट्या नातीला मराठी लिहायला शिकवायचं मी ठरवलं, आणि तेही कॉम्प्युटरवरून. मी इस्रायलच्या दक्षिणेला, अरादला वाळवंटाच्या कडेला, ती पार उत्तरेला हैफाला. बसने जाऊन यायचं तर दिवस मोडायचा. इंटरनेटवर समोरच्याचा चेहरा दिसायची सोय त्या वर्षांत नुकतीच घरोघरी आली होती. मुलाने कॅमेरा आणून जोडून दिला आणि वर म्हणाला, "मम्मी, असं स्क्रीनवरनं कुणी लिहायला शिकतं का? उगाच डोक्याला ताप." ठाण्याला आयुष्यभर पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या बाईला हा शिकवणार!

माझं मागणं काही मोठं नव्हतं. माझ्या सगळ्या नातवंडांना मराठी कळतं, पण उत्तर येतं हिब्रूत. एकाने तरी मला मराठीत उत्तर द्यावं, एवढंच हवं होतं, आणि आता ही एकच उरली होती. तिने पहिला शब्द लिहिला की आम्हा मराठी ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे एलियाहू हन्नाबी पैगंबराच्या नावाने मलिदा करीन, असा नवसही मी बोलून बसले.

पहिल्याच दिवशी माझी सगळी बाईगिरी उतरली. पहिलीतल्या पोराला अक्षर सांगून येत नाही. त्याच्या मागे बसायचं, त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवायची आणि गिरवून घ्यायचं. इथे मी "वर जा, वळ, खाली ये" म्हणाले की नात खुर्चीवरून खाली उतरायची. आवाज मागाहून पोचायचा, चित्र मध्येच थिजायचं. ती लिहायला वाकली की मला दिसायचा फक्त तिचा भांग. हात काय करतोय, देव जाणे.

मूठ धरायला कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी तिथे हजरच होतं. माझी विहीण. सुनेची आई, मोरोक्कोची, त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी. नात शाळेतून आली की हिच्याकडे जेवायची, हिच्याच मांडीवर डुलकी काढायची. मी पोस्टाने फ्रॉक पाठवायचे, तो हिने तिला घातलेला पडद्यावर बघायचे. आता माझ्या शिकवणीतही तीच! पण इलाज नव्हता. मी हिब्रूतून गोड आवाजात विचारलं, "जरा तिचा हात धराल का? मी पाठवलेल्या कागदावर अक्षरं आहेत, त्यावरून फिरवा."

"का नाही?" ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसलीच.

त्या दिवसापासून माझ्या पडद्यावर एका भांगाच्या जागी दोन डोकी दिसायला लागली, एकमेकांना टेकलेली. मध्येच बांगड्या वाजायच्या. मध्येच विहीण पोरीच्या केसांचा मुका घ्यायची. मी इकडे "आ, आ" करून घसा कोरडा करतेय, आणि तिकडे दोघी कशावर तरी खुसुखुसू हसताहेत. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अक्षरं माझी, नात माझी, आणि ऊब सगळी हिच्या वाट्याला. कधी लाइन तुटायची. मग मी काळ्या पडद्यासमोर बसून दोन डोकी डोळ्यांपुढे आणत राहायचे.

शेवटी एकदा नातीने कागद कॅमेऱ्याला लावला. "आजी." स्वच्छ, गोल, काना-वेलांटी जागच्या जागी. विहिणीने टाळ्या वाजवल्या. मी रडले, पण मलिद्याचा दिवस त्याच बैठकीत ठरवला.

सगळे अरादला आले, विहीणही आली. मी पोहे भिजवून गोड केले, वर खोबरं, वेलची आणि गुलाबाच्या पाकळ्या पेरल्या, फळं मांडली. प्रार्थना झाली. मग मी पाटी काढली आणि चटईवर नातीच्या मागे बसले. कॅमेरा नाही, लाइन नाही. तिचे केस माझ्या हनुवटीखाली. इतके महिने ज्याच्यासाठी जळले, ते माझ्या हातात होतं. मी तिची मूठ धरली आणि पाटीच्या डाव्या बाजूला नेली.

मूठ तिथे ठरेना. ती उजवीकडे ओढायला लागली.

मी जरा जोर केला. पोरीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि खणखणीत म्हणाली, "असं नाही, आजी. हात सोड."

मराठीत.

मग तिने उजवीकडून सुरुवात केली. आधी वेलांटी, मग ज, मग 'आ'चा काना, मग उरलेला अ. रेघसुद्धा उजवीकडूनच डावीकडे ओढली, हिब्रू लिहितात तशी. कागदावर उमटलेला शब्द बरोबर होता आणि पडद्यावर मला तेवढाच दिसत होता. तो लिहिला कसा जातोय, ते फक्त मूठ धरणारीला माहीत होतं. आणि विहिणीच्या हाताला दुसरी दिशाच ठाऊक नव्हती.

मी वर पाहिलं. विहीण मलिद्याची बशी हातात धरून उभी होती. शाबासकीची वाट बघत होती.

पाटीवर "आजी" लिहिलेलं होतं. लाल खडूने खूण करावी अशी चूक त्यात कुठेच नव्हती. माझ्या नातीने मला मराठीत उत्तर दिलं होतं, नवस पुरा झाला होता.

मी हात सोडला.