हिच्या मामांचे निर्देशक

ज्या गोष्टीला टोक, तळ किंवा वजन आहे ती मोजल्यावाचून हिच्या मामांना अन्न गोड लागत नाही, आणि जिला यांतलं काहीच नाही तिला ते आधी टोक काढतात आणि मग मोजतात. हे मला कळलं ते एक पंचा धुतल्यावर. रत्नागिरीहून जाताना पालीच्या अलीकडे, महामार्गापासून हाकेच्या अंतरावर मामांचं घर. दिल्लीची नोकरी संपवून ते नुकतेच तिथे परतले होते. पडवीतल्या दोरीवर एक पांढरा पंचा इतका मळून लटकला होता की, एकटा म्हातारा माणूस, कोण धुणार, असा मला कळवळा आला आणि मी तो साबण लावून, दगडावर आपटून स्वच्छ केला. आमच्या घरी माझ्या हातून स्वतःचा रुमालही धुतला जात नाही, त्यामुळे ही कर्तबगारी मी मुद्दाम मामांना नेऊन दाखवली. मामांनी पंचा उजेडात धरला, नीट घडी घातली आणि म्हणाले, "जावईबापू, अख्ख्या हिवाळ्याची हवा धुतलीत." रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं आणि हवेत धूळ किती, हे तो बिचारा पंचा मोजत होता.

दिल्लीत मामा ज्या खात्यात होते तिथे देशाचं पर्यावरण कितपत टिकेल हे आकड्यांत मांडत. हवेला एक निर्देशक, पाण्याला एक, जंगलाला, कचऱ्याला एकेक. प्रत्येकाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे भार द्यायचा, सगळ्यांची बेरीज म्हणजे निर्देशांक, आणि मग जगाच्या यादीत आपण कुठे ते बघायचं. आपण बहुधा तळाकडे असायचो आणि मामा ते असे ओशाळून सांगायचे की वाटावं, धाकट्या मुलाचा निकाल सांगतायत. निवृत्तीनंतर देश हाताशी राहिला नाही, तेव्हा ती सगळी शिस्त त्यांनी नातेवाइकांना लावली. आमच्याकडे रत्नागिरीत आले की चप्पल काढायच्या आधी कचऱ्याची बादली उचलून हातात तोलायचे. "दरडोई वाढलाय गो," असं हिला सांगायचे आणि बघायचे माझ्याकडे, म्हणजे डोई कुठली ते मला कळावं. मासळी बाजारात ते लाकडी पट्टी घेऊन जात. बांगडा आखूड होत चालला तर समुद्राचं काही खरं नाही, हा त्यांचा समुद्राचा निर्देशक. एकेका बांगड्याला पट्टी लागू लागली की मागे गिऱ्हाइकं खोळंबत. एकदा कोळीण कावून म्हणाली, "मामानू, बांगडा न्यायचाय की त्याची सोयरीक जमवायचीय?" मामा पट्टीवरून नजर न काढता म्हणाले, "वयात आलेला दिसत नाही गो बाय. घाई केलीत." गावच्या शाळेतल्या वृक्षारोपणाला तर त्यांना पुढे कधीच बोलावलं नाही. पाहुण्यांनी रोप खड्ड्यात ठेवलं, टाळ्या पडायच्या बेतात होत्या, तेवढ्यात मामांनी विचारलं, "गेल्या वर्षी इथेच लावलेलं कुठाय?" पाहुण्यांनी हातातली माती झटकली. मामा वाकून बघत म्हणाले, "खड्डा तेवढा शाश्वत आहे."

हिचे आईवडील गेले, पाठचं-पुढचं भावंड नाही. माहेर म्हणून जे काय उरलं होतं ते मामांचं घर. मामीही नव्हत्या. पण ही तिकडे राहायला गेली की मामा स्वतः घावन घालत, हिला उठू देत नसत, आणि माझी यथेच्छ टिंगल करून माहेरपण पुरं करीत. मामांची एकुलती एक मुलगी राहते युरोपातल्या एका थंड देशात, जो मामांच्या यादीत कायम वरच्या ओळींत. एक दिवस ती फोनवर म्हणाली, "बाबा, एकटे राहू नका आता. इकडेच या, कायमचे." दुसऱ्या कुणी भांडून नाहीतर रडून याचा निकाल लावला असता. मामा म्हणाले, "आकडा सांगेल तसं." एका बाजूला आपली वाडी, दुसऱ्या बाजूला लेकीचं गाव, ज्याचा निर्देशांक वरचढ तिथे राहायचं. हिचा चेहरा उतरला. उभ्या नोकरीत ज्याने आकडा कधी वाकवला नाही तो माणूस भाचीसाठी वाकवणार थोडाच!

तरी हिने प्रयत्न सोडला नाही. "मामा, बेडूक धरा ना. पावसाळ्यात आपल्याकडे ओरडतात तेवढे तिकडे ओरडतात का, विचारा तिला. आणि काजवे?"

"निकाल आधी ठरवून जो निर्देशक निवडतात ना गो," मामा म्हणाले, "तो निर्देशक नाही, वकील."

मग ही कचऱ्याच्या मागे लागली. मामा दर रविवारी घरचा कचरा ताणकाट्याला लटकवून वजन करीत. ही दर शनिवारी आमटीचा डबा घेऊन माझ्या स्कूटरवर मागे बसायची, आणि येताना डिकीत मामांच्या घरचं प्लॅस्टिक असायचं. मी कुरकुरलो तर म्हणायची, "तुम्ही गाडी चालवा." वाडीचा आकडा सुधारू लागला. ओळीने काही आठवडे मामा खुशीत होते. आणि मग एकदा अवचित आमच्याकडे आले, सवयीने बादली उचलली, आत डोकावले, आणि त्यांच्याच रक्तदाबाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट त्यांनी दोन बोटांत धरून वर काढलं. हिने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे त्या गोळ्या मीच खाल्ल्या असतील अशी आशा असावी.

"कचरा कमी नाही झाला गो," मामा म्हणाले. "त्याची बदली झाली." आम्हाला वाटलं, आता रागावणार. पण ते पाकीट उलटसुलट करून बघत तसेच स्टुलावर बसले. मग तिथूनच त्यांनी लेकीला फोन लावला. "तुमचा तो स्वच्छ गाव. तिथलं प्लॅस्टिक जातं कुठे? आणि तुमचे कपडे, फोन बनतात कुठे? तो धूर कुणाच्या नावावर?"

ती बिचारी चार ठिकाणी विचारत बसली. काही तिथेच जाळतात म्हणे, काही बोटीने दूरच्या देशांत जातं, आणि पुढे त्याचं काय होतं ते कुणालाच धड सांगता येईना. मामांनी ते सारं जमेस धरायचा खटाटोप केला, पण जे दुसऱ्याच्या दारात पडलंय ते कोणत्या ताणकाट्याला लटकवणार? तुलना विसकटली. मामा मोजायचेच थांबले. बांगडा पट्टीशिवाय घेतला तेव्हा कोळणीने मला बाजूला घेऊन विचारलं, "मामांना बरा नाय काय?" ही मात्र हवेत होती. यादी मोडली, माहेर वाचलं!

पुढच्या शनिवारी आम्ही डबा घेऊन गेलो. मामा पडवीत नुसतेच बसले होते.

"आकडा काही सांगत नाही," ते म्हणाले. "म्हणजे आता मलाच सांगायला हवं."

"मग सांगा ना," ही हसत म्हणाली.

मामांना ते जमेना. देशाची नाडी हातात धरून बसलेला माणूस, पण स्वतःचं सांगायचं तर त्यांनी आधी घसा खाकरला, मग चष्मा पुसला. "लेकीची फार आठवण येते गो," ते शेवटी म्हणाले. "हवा, पाणी, कचरा, सगळं धरलं. हे कशातच धरलं नव्हतं. मला जायचंय."

हिने डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "तिकडे थंडी असते. लोकरीचं घ्या काहीतरी," म्हणाली आणि आमटी गरम करायला आत गेली. पुढे सगळी तयारी हिनेच केली. कोकमं, कुळथाचं पीठ, मेतकूट. आणि सामान विमानाच्या नेमून दिलेल्या वजनात बसावं म्हणून मामांच्याच ताणकाट्याला बॅगा लटकवून बघितल्या.

रत्नागिरी स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत मामा खिडकीतून मला झाडांना पाणी कधी घालायचं ते सांगत होते. येताना चढावर स्कूटर हळू झाली तेव्हा मी हिला विचारलं, "एकदाही 'थांबा' म्हणाली नाहीस?"

"म्हटलं असतं तर थांबले असते हो," ही म्हणाली. "म्हणूनच नाही म्हटलं."